यंत्राकडून लिहून घेताना

किस्से साठवायचे म्हणून कोणी नोकरी धरत नाही. पण तीन माणसं, दोन कॉम्प्युटर आणि एक हट्ट एवढ्यावर ऑफिस चालवलं, की ते आपोआप साठत जातात. परवा प्रफुल्ल भेटला, चहा झाला, आणि आमच्या वर्ध्याच्या ऑफिसच्या गोष्टी निघाल्या त्या थांबेचनात. त्यातल्या आठवतील तेवढ्या सांगते.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. हट्ट अर्थातच सरांचा. सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की कोड हाताने लिहायचाच कशाला? गिऱ्हाइकाचं काम कसं चालतं त्याचं मॉडेल आपण काढायचं, त्यावरून कोड मशीन लिहील. या एका कल्पनेपायी त्यांनी वर्षाची बिनपगारी रजा काढली, मेडिकल स्टोअरच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या आणि प्रफुल्लला अन् मला, म्हणजे त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांना, तिथे बसवलं. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, अट घातली होती: रजा संपायच्या आत एका तरी गिऱ्हाइकाकडे हे मशीनने लिहिलेलं सॉफ्टवेअर चालायला हवं, नाहीतर मुकाट्याने कॉलेज. सर वहिनींना घाबरत नसत, पण त्या अटीला फार घाबरत.

*

प्रफुल्ल वर्ध्याजवळच्या सेलूचा. त्याच्या वडिलांचं तिथे किराणा दुकान. एकदा त्यांनी विचारलं, तू तिथं नेमकं करतोस काय? हा फुशारकीने म्हणाला, "बाबा, आम्ही प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम लिहून राह्यलो."

वडिलांनी गिऱ्हाइकाची साखर तोलली, पुडा बांधला आणि शांतपणे विचारलं, "त्यानं लिहाले सुरुवात केली का मंग तू काय करशीन?"

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने हा प्रश्न जसाच्या तसा सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे. आणि चहा प्यायला खाली निघून गेले.

*

मेटामॉडेल म्हणजे काय, हे सर लग्नपत्रिकेवरून शिकवत. एक पत्रिका म्हणजे एक मॉडेल. आणि कुठल्याही पत्रिकेत वर एकच, वधू एकच, मुहूर्त हवाच, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं कितीही, असे सगळ्या पत्रिकांना लागू असलेले नियम म्हणजे मेटामॉडेल. मला तरी ते यामुळेच कळलं.

पुढे प्रफुल्लच्या बहिणीचं लग्न ठरलं आणि सरांना राहवेना. पत्रिकेचा मजकूर आपलंच मशीन तयार करणार! नियम लिहिताना सरांनी पोरं 'किमान एक' ठेवली. प्रफुल्लच्या घरात तर लहान मूल एकही नव्हतं. मशीन नियमाला पक्कं, त्याने रिकाम्या जागी चाचणीसाठी ठेवलेलं नाव भरून टाकलं. मजकूर कोणी शेवटपर्यंत वाचला नाही.

पत्रिका वाटून झाल्यावर अमरावतीच्या आत्याबाईंचा फोन आला, की सगळं छान आहे, पण हा चि. अबक कोणाचा?

*

वहिनी एकदा डबा घेऊन ऑफिसात आल्या, तेव्हा सर फळ्यावर आकृती काढत होते. वहिनींनी विचारलं आणि सरांनी हौसेनं समजावलं. हा कोड मॉडेलवरून निघतो. मॉडेल मेटामॉडेलच्या नियमांनी काढतात. मेटामॉडेलच्याही वर नियमांचा आणखी एक थर आहे.

"आणि त्याच्या वर?"

"त्याच्या वर काही नाही. तो स्वतःचेच नियम स्वतः सांगतो."

वहिनींनी फळ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग डबा टेबलावर ठेवून विचारलं, "रजा नक्की कधी संपते हो?"

*

ऑफिसातला एकच कडक नियम होता. मशीनने लिहिलेल्या फाइलला हात लावायचा नाही, कारण पुढच्या खेपेला मशीन ती नव्याने लिहितं आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. प्रफुल्लला मात्र तारीख उलटी, म्हणजे महिना आधी अन् दिवस नंतर, दिसलेली खपत नसे. तो रोज सकाळी आल्या आल्या, गुपचूप, हाताने ती सरळ करी. मशीन रोज पुसे, हा रोज करी. महिनोन् महिने चाललं होतं हे.

सरांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी ती दुरुस्ती मशीनलाच शिकवली. मॉडेलपासून कोडपर्यंतच्या रूपांतराच्या पायऱ्यांत एक नवी पायरी आली, तिला नाव दिलं 'प्रफुल्ल'.

प्रफुल्ल हिरमुसला. "सर, मंग मले काढलं का?"

"छे," सर म्हणाले, "तुला बढती दिली. आता तू कधीच रजेवर नसतोस."

*

गिऱ्हाईक मिळालं ते हिंगणघाटचं. शेठजींची कापसाची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापूस यायला लागला होता आणि सरांच्या रजेचा शेवटचा महिना चालू होता.

शेठजींनी सगळं बघितलं आणि म्हणाले, वजनकाट्याच्या पावतीवर शेतकऱ्याच्या नावाआधी गावाचं नाव पाहिजे, आमच्याकडं माणूस गावावरून ओळखतात. सर याच घटकेची वाट बघत होते. त्यांनी मॉडेलमध्ये एक बदल केला आणि बटण दाबलं. चहा निवायच्या आत पावत्या, स्क्रीन, रिपोर्ट, सगळीकडे गाव पुढे आलं. मला सरांचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

शेठजींनी कप खाली ठेवला. "सर, इतक्या लवकर झालेलं काम मी घेत नाई. वापस न्या. नीट बसून करा, मंग आना."

सरांनी परोपरीने समजावलं. मशीन घाई करत नाही, त्याला तेवढाच वेळ लागतो. शेठजींनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि तसूभरही हलले नाहीत.

आम्ही एसटीने वर्ध्याला परतलो. त्या सॉफ्टवेअरची सीडी आठवडाभर कपाटात पडून राहिली. सर रोज मॉडेल उघडत, बदलण्यासारखं काही सापडत नसे, बंद करत. मग तीच सीडी घेऊन आम्ही पुन्हा हिंगणघाटला गेलो.

या वेळी शेठजींनी मुनीमजींनाही बोलावलं. दोघांनी एकेक स्क्रीन निरखला. छापलेली पावती उजेडात धरली, त्यावरून बोट फिरवलं.

"आता कसं! हातचं काम लगेच दिसून येते."

प्रफुल्ल पंख्याकडे बघायला लागला. मी सरांकडे बघायचं टाळलं.

"उद्यापासून चालू करा," शेठजी म्हणाले. "आन माझ्या भावाची जिनिंग हाय, तिथं बी लावून द्या. फक्त घाई नोका करू."

सरांनी सीडी पाकिटात घातली.

"नाही करत," ते म्हणाले.