शीग लावलेला चमचा

सेनगावच्या तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे. माझे शिक्षण आठवीत थांबले, परंतु वकिलीची पदवी घेतलेली मंडळीसुद्धा वारसाच्या अर्जाचा मसुदा माझ्या नजरेखालून घालून नेतात, हे या आवारात सर्वांना ठाऊक आहे. माझ्या कामाची एक ठरलेली पद्धत आहे. अर्ज लिहून झाला की मी तो अर्जदारास सावकाश, मोठ्याने वाचून दाखवतो आणि विचारतो, बरोबर आहे का? तो म्हणतो, व्हय. त्यानंतरच मी खाली शेवटची ओळ लिहितो : वाचून दाखविले, समजले, मान्य आहे. त्या एका ‘व्हय’वर माझा सारा व्यवसाय उभा आहे. तो शब्द घरात वेगळ्या अर्थाने वापरला जात असेल, अशी शंका मला आयुष्यात कधी आली नव्हती.

माझी एकुलती मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. हिंगोलीला शस्त्रक्रिया होऊन तिला मुलगा झाला. पाठोपाठ तिला ताप आला, दूध उतरलेच नाही, आणि रुग्णालयातून आम्ही बाळासोबत दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन परतलो.

डब्यावरच्या सूचना हिंदीत व इंग्रजीत होत्या. मी चष्मा लावून हिंदी मजकूर दोनदा वाचला, त्याचा आपल्या भाषेत नीट अर्थ लावला आणि पत्नीला व मुलीला समोर बसवून तो सांगितला. पाणी उकळून कोमट करावे. पाणी आधी मोजावे, भुकटी नंतर घालावी. चमचा डब्यातलाच वापरावा, काठोकाठ भरावा आणि वरची भुकटी सुरीच्या पाठीने सपाट करावी. इतक्या पाण्याला इतके चमचे. कमी नाही, जास्त नाही. मी विचारले, समजले? पत्नी म्हणाली, व्हय. मुलगी खाटेवरून म्हणाली, व्हय. माझ्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

पुढच्या आठवड्यात जवळा बाजारहून मुलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, बाळाला पाहायला आल्या. त्यांनी बाळ दोन्ही हातांवर घेतले, बाजारात हळदीचे कट्टे उचलून पाहतात तसे जरा वरखाली केले आणि हसत म्हणाल्या, “हलकं लागून राहिलं वो. आमच्या घरची लेकरं हाताला जड लागायची.” नंतर त्या जेवल्या, जेवणाची तारीफ केली आणि गेल्या. मी ते बोलणे पाहुण्यांचे बोलणे म्हणून सोडून दिले. पत्नीने सोडले नव्हते. ते मला फार उशिरा कळले.

त्यानंतर बाळाची तकलीफ सुरू झाली. ते गुडघे पोटाशी घेई, चेहरा लालबुंद करी, कुंथत राही आणि काहीच होत नसे. मग जे होई ते शेळीच्या लेंड्यांसारखे कोरडे आणि टणक. शेजारच्या बायकांकडून उपाय येऊ लागले. कोणी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायला सांगितला, कोणी एरंडेल पाजायला, कोणी दोन दुधांच्या मध्ये पाणी पाजायला. यातले काहीही डब्यावर लिहिलेले नसल्यामुळे मी सर्वांना मनाई केली. बेंबीभोवती हिंग मात्र पत्नीने लावलाच.

मी शांतपणे विचार केला. सूचनांचे पालन काटेकोर होत असेल आणि तरीही लेकराला त्रास होत असेल, तर दोष भुकटीचा आहे. मी औषधाच्या दुकानात जाऊन चारचौघांत दुकानदाराला खडसावले. तो म्हणाला, याच डब्याचे दूध गावातली दुसरी लेकरेही पीत आहेत, कोणाची तक्रार नाही. मी त्याला म्हणालो, तक्रार लिहिता येणारा माणूस तुझ्याकडे आज आला आहे.

त्या संध्याकाळी मी ग्राहक मंचाकडे द्यायचा अर्ज लिहिला. माझ्या चांगल्या अर्जांपैकी तो एक होता, हे मी आजही म्हणेन. त्यातले मुख्य वाक्य असे होते : ‘अर्जदाराच्या कुटुंबाकडून डब्यावरील सूचनांचे तंतोतंत पालन होत असतानाही सदर बालकास असह्य त्रास सोसावा लागत आहे.’ घरात सर्वांसमोर मी तो वाचून दाखवला. ‘तंतोतंत’ या शब्दावर मी किंचित थांबलो, कारण साऱ्या अर्जाचा भार त्या शब्दावर होता. पत्नी लंगोटांच्या घड्या घालत होती. मी विचारले, बरोबर आहे? तिने मान वर न करता म्हटले, “बराबर हाय.” मुलीने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाली, “व्हय, बाबा.” मी खाली सही केली.

अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला हवा, म्हणून हिंगोलीच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचे ठरलेच होते. त्यातच सकाळी लंगोटावर रक्ताचा ठिपका दिसला आणि बाळाने दुधाची बाटली तोंडातून ढकलून दिली. मग कोणालाच काही सुचेना. मिळाली त्या जीपमध्ये आम्ही बसलो. वाटभर मुलीने बाळाच्या ओठांवरून नजर काढली नाही. माझ्या खिशात अर्ज होता, पण त्या तासाभरात मलाही फक्त एवढेच हवे होते की लेकराने पूर्वीसारखे दूध प्यावे आणि त्याचे पोट मोकळे व्हावे.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासले, पोट दाबून पाहिले, लंगोट पाहिला. कठीण शीमुळे बारीक चीर पडली आहे, ती भरून येईल, असे त्या म्हणाल्या तेव्हा मुलीने श्वास सोडला. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला, टेबलावर उलटा ठेवला आणि विचारले, दूध कोण तयार करते? पत्नी म्हणाली, मी. बाईंनी कोमट पाणी मागवले आणि आम्ही सोबत आणलेला डबा तिच्याकडे सरकवला. “करून दाखवा.”

पत्नीने आधी पाणी मोजले. चमचा भरला. सुरी नव्हती, तर बाईंच्या टेबलावरची पट्टी घेऊन तिच्या कडेने भुकटी सपाट केली. चमचे बरोबर घातले, एकही जास्त नाही. मी त्या दिवशी सांगितलेले एकही वाक्य ती विसरली नव्हती. आपला साक्षीदार नीट बोलला की जसे साहेबांकडे पाहावे, तसे मी बाईंकडे पाहिले.

“घरीपण असंच करता?” बाईंनी विचारले.

“व्हय,” पत्नी म्हणाली.

तेव्हा मुलगी बोलली. आवाज मोठा नव्हता. “न्हाई. आई चमच्याला शीग लावती. आन् वरून एक जास्तीचा टाकती. ती गेल्यापासून रोजच.”

ती, म्हणजे तिची सासू. शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढवलेला ढीग. मग पत्नी बाईंना म्हणाली, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सपाट माप दुकानदार घालतो वो बाई. घरच्या लेकराला कोन सपाट घालतं? आमी भिकाऱ्याला बी शीग लावून दाने घालतो. इवाईनबाई म्हनल्या, हलकं हाय. पोरीला तिथंच नांदायचं हाय.”

बाई रागावल्या नाहीत. दूध घट्ट केले की लेकराला पाणी कमी पडते, शी कठीण होते आणि कोवळ्या मूत्रपिंडांवरही ताण येतो, हे त्यांनी तिला समजावले. दूध डब्यावर लिहिल्याप्रमाणेच करायचे, घट्ट नाही आणि पातळही नाही. वरचे पाणी नाही, गुटी नाही, एरंडेल नाही, देठ नाही. पोटावरून हलका हात फिरवायचा, सायकल चालवल्यासारखे पाय हलवायचे, कोमट पाण्याने अंघोळ घालायची. पोट फुगून ताठ झाले, हिरवी उलटी झाली, पुन्हा रक्त दिसले किंवा दूध पिणे थांबले, तर लगेच आणायचे. नंतर त्यांनी अर्ज माझ्याकडे परत दिला. त्यावर माझी सही होती.

बाहेर आल्यावर, रसवंतीच्या सावलीत, मी पत्नीला विचारले की हे मला का सांगितले नाही. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुमी पुन्ना वाचून दाखवलं असतं.”

मला पत्नीचे समजू शकते. तिला जे वाटले ते चुकीचे होते, पण ते लेकरासाठी होते. मुलीचे मला समजलेले नाही. तिला सर्व ठाऊक होते. त्या संध्याकाळी तिने ‘तंतोतंत’ हा शब्द ऐकला, मला सही करताना पाहिले, आणि व्हय म्हणाली. जिला तिने त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते, त्या बाईला तिने एका वाक्यात खरे सांगितले. मी पलीकडच्या खाटेवर असायचो. मला सांगायला तिला जीपसुद्धा करावी लागली नसती.

त्या दिवसापासून दूध मी तयार करू लागलो. पाणी मी मोजायचो, चमचा मी भरायचो, सुरीची पाठ मी फिरवायचो. टेबलावर जायच्या आधी मुलीला सर्व मांडून देऊन जायचो. काही दिवसांत शी मऊ झाली. ही बातमी पत्नीने शेजारी सांगितली, फोनवर बहिणीला सांगितली. मला ती दोरीवर वाळणाऱ्या लंगोटांवरून समजली.

बारशाला विहीणबाई आल्या. सर्व बायकांच्या मधोमध त्यांनी बाळ उचलले, वरखाली केले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “व्याही, लेकरू आजून हलकंच हाय की.”

पत्नी पाळण्याला फुले बांधत होती. ती तिथूनच म्हणाली, “दूध हेच करतात, इवाईनबाई. आमाला डब्याला हात लावू देत न्हाईत. सपाट चमचा घालतात.”

बायका हसल्या. “कचेरीतलं माप हाय मग,” विहीणबाई म्हणाल्या, आणि बायका अजून हसल्या. मी मुलीकडे पाहिले. ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होते. ती खरे बोलू शकते हे मी पाहिले होते. तिने सासूच्या हातातून बाळ घेतले, त्याचे तोंड पदराने पुसले आणि दुधाची वेळ झाली म्हणून रिकामी बाटली माझ्यापुढे धरली.

मी पाणी मोजले. चमचा भरला, त्यावर भुकटीची शीग आली. सगळ्या बायका पाहत होत्या. मी सुरीची पाठ फिरवली आणि वरची भुकटी डब्यात परत पाडली.