वहिनींचं डिझेल आणि माझा साबण

माझ्या वहिनींच्या डिझेलचा मी साबण केला, त्याला आता तीन वर्षं होतील. मी सेलूच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हेही इथंच कबूल केलेलं बरं.

वहिनी परभणीजवळच्या एका तेलगिरणीत प्रयोगशाळा सांभाळतात. सोयाबीनचं तेल शुद्ध करताना तपकिरी, चिकट, साबणासारखा गाळ उरतो. गिरणीला तो नकोसा. वहिनींनी ठरवलं, याचं डिझेल करायचं. (शिळ्या भाकरीचा त्या कुस्करा करतात, तोही ताज्या भाकरीपेक्षा बरा लागतो.)

वालूरला दादाच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी झाकणाचं पिंप, ढवळणी, मोटार असं सगळं स्वतः जुळवलं. गाळात आम्ल घालून तेल सुटं करायचं आणि मग ते मिथेनॉलबरोबर तासन्‌तास गरम ठेवायचं. सोमवारी गिरणीचे शेठ बघायला येणार होते. दादाचं विहिरीवरचं इंजिन त्या डिझेलवर चाललं, तर गिरणीत मोठी यंत्रणा बसणार आणि ती वहिनींच्या हाती येणार. नाही चाललं, तर विषय संपला.

शनिवारी सकाळीच वहिनींना सोनपेठला साखरपुड्याला जावं लागलं आणि तापत्या पिंपाची राखण माझ्याकडं आली.

"भाऊजी, नुसतं तापमानाच्या काट्याकडं बघत बसा. साठच्या वर जाऊ देऊ नका. बाकी कशाला हात लावू नका."

"वहिनी, मी रसायनशास्त्र शिकवतो."

"म्हणूनच सांगायलेय."

दोन तास मी काट्याकडं बघितलं. मग माझ्यातला शिक्षक जागा झाला. तेलाचं डिझेल करायला कॉस्टिक सोडा लागतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. इथं तर कॉस्टिकची बरणी तशीच कोपऱ्यात होती. बिचाऱ्या वहिनी गडबडीत विसरल्या असणार! मी मोजून मापून कॉस्टिक घातलं, वर थोडं जास्तच.

पिंपातला आवाज बदलला. आधी खळखळ होती, मग थपथप झाली, मग मोटार कण्हली आणि बंद पडली. दादा आला, झाकण उचलून डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "हे डिझेल हाय का पिठलं?"

"थंड झालं की पातळ होईल," मी म्हणालो. थंड झाल्यावर त्यात पळी उभी राहिली.

वहिनी चारच्या एसटीनं आल्या. त्यांनी थोडा लगदा बोटांवर चोळला, नळाखाली हात धरला. छान फेस आला.

"भाऊजी, कॉस्टिक घातलं?"

"पुस्तकात आहे तेवढंच."

"पुस्तकात गोडंतेल असतं. हे आंबट तेल हाय. आधी त्याचा आंबटपणा मोडावा लागतो, मग कॉस्टिक." मग त्या पिंपाकडं बघत म्हणाल्या, "गिरणीतनं माल असाच साबण होऊन येतो. मी एवढं खपून सासरी आणलेला, तुमी एका दिवसात माहेरी धाडला."

मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला बोलतील. त्यांनी पदर खोचला आणि आम्लाचा कॅन मागितला. साबण फोडून पुन्हा तेल मोकळं केलं. रविवारी सगळं पहिल्यापासून केलं, प्रत्येक पायरीला बाटलीत नमुना धरून बघत. माझ्याकडं एकच काम आलं. तयार डिझेलवर झारीनं हळूहळू पाणी सोडून ते धुवायचं. ढवळायचं नाही, नाहीतर पुन्हा फेस. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

सोमवारी शेठ आले. दादानं हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. वहिनींनी पुढं होऊन डिझेलच्या नळीतली हवा काढली. "आता मारा." इंजिन धडधडत सुरू झालं आणि पाटाला पाणी आलं. शेठनी वाकून पाण्यात हात घातला. मग म्हणाले, "मॅडम, जागा कुठली लागेल ते सांगा."

आज गिरणीतल्या त्या विभागाच्या वहिनी प्रमुख आहेत. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी एक बाटली दाखवतात. शनिवारच्या लगद्याचा नमुना त्यांनी जपून ठेवलाय, 'असं करू नये' अशी चिठ्ठी लावून. माझं नाव त्या कधीच सांगत नाहीत, एवढा मान राखतात. पण मागच्या महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी तिथं नोकरीला लागला. त्यानं बाटली उजेडात धरली, जरा निरखली आणि विचारलं, "मॅडम, हे आमच्या सरांनी केलंय का?"