आधी आयांशी बोलणाऱ्या पारूताई

नवं मूल रडत अंगणवाडीत आलं की पारूताई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. आईला शेजारी बसवायचं, तंबाखू मळून चिमूटभर तिला द्यायची आणि तिच्या कोंबड्यांची चौकशी करायची. मूल पदराआडून दोघींना न्याहाळत राही. थोड्या वेळानं आपणच ताईंच्या मांडीला येऊन टेके. मी त्यांची मदतनीस. सुरुवातीला मला हा शुद्ध आळस वाटे. "अगं, त्याला आपलं बोलणं कळत नाय. पन कोन कोनाचं हाय ते बरोबर कळतं," त्या म्हणायच्या.

साखरशेत पाड्यावरच्या सोनीपुढे मात्र ताईंचं काही चालेना. दीड वर्षाची पोर, आईबाप वीटभट्टीवर, सांभाळायला चिमीआजी. वजन सारखं घसरत होतं. ताईंनी चमचा पुढे केला की सोनी आजीच्या तोंडाकडे बघे आणि ओठ घट्ट मिटून घेई. आजीची थोरली नात ताईंनीच जव्हारच्या दवाखान्यात नेली होती. ती परत आली नाही. तेव्हापासून आजी ताईंशी बोलत नव्हती, आणि दवाखान्याचं नाव काढलं की कोयता उचलायची. ताईही काही कमी हट्टी नव्हत्या; त्याही आपणहून बोलायला जात नसत.

त्या दिवशी आम्ही गेलो तर सोनी रडायचीही थांबली होती. ताई आजीशेजारी टेकल्या, तंबाखू पुढे केली. "घे गं चिमे." आजीनं घेतली. दोघी हसल्यासारखं करून भाताबद्दल बोलल्या. आजीच्या मांडीवरून सोनी दोघींकडे बघत होती. ताईंनी पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. तोंड मिटलेलंच. एवढ्याशा पोरीला ढोंग कळलं होतं.

ताईंनी वाटी आपटली. "मनात हाय ते बोल ना! मीच मारली तुझी नात, बोल!"

"तूच नेलीस!" आजी किंचाळली. "माज्या मांडीवरून नेलीस!"

"नेली. वाचंल म्हनून नेली गं!" आणि पारूताई ढसाढसा रडू लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता पोर भेदरणार, सगळं संपलं, असंच मला वाटलं. मग आजीनं पदरानं ताईंचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

सोनीनं तोंड उघडलं. आजीनंच ताईंचं मनगट धरून तिला पेज भरवली. चारच घास गेले. मग आजी उठली, सोनीला फडक्यात गुंडाळलं आणि ताईंच्या हातात दिलं.

"चल, कुठं न्यायची तिथं ने," ती म्हणाली. "मी बी येते."