आधी पाठ, मग धार

मला 'जरा आराम करा' असं तोंडावर सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे, अशी माझी समजूत होती. सव्वीस वर्षं सैन्यात काढली, रागीट म्हणून गावात नाव आहे, त्यामुळं कुणी वाट्याला जात नाही. पण तसं सांगणारा माणूस सत्तरी ओलांडून साताऱ्यात लाकूड कातत बसलाय, हे मला फार उशिरा कळलं.

त्याचं झालं असं. मेढ्याजवळ आमचं घर आहे, परड्यात फणस होता. त्याच्या फांदीला माझ्या लेकीचा झोका असायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी वाऱ्यानं तो उन्मळून पडला. निम्मं खोड किड्यानं पोखरलेलं निघालं. चांगलं लाकूड मिळालं ते जेमतेम एका पाळण्यापुरतं, ते मी गोठ्यात वाळत ठेवलं. लेक तासगावात द्राक्षबागायतदारांच्या घरी दिली आहे. तिला दिवस गेल्याचं कळलं तसा मी फोनवर बोलून गेलो, "पाळणा मी माझ्या हातानं करणार, आणि बारशाच्या आधी पोचवणार."

ती म्हणाली, "आप्पा, इकतचा आणला तरी चालतोय. फक्त बारशाला या."

त्या 'फक्त'चा अर्थ मला बरोबर समजला. तिचं बारसं झालं तेव्हा मी सरहद्दीवर. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिथंच. साखरपुड्याला पोचलो ते दुसऱ्या दिवशी, मांडव सोडत असताना. दर वेळी 'येतो' म्हणून कळवायचो आणि दर वेळी रजा नामंजूर व्हायची. तिनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, आणि मला तेच जास्त लागायचं. ही एक तारीख चुकवायची नाही, असं मी मनाशी ठरवलं.

साताऱ्यात एक जुने कातारी आहेत. लाटणी, रव्या, देव्हाऱ्याचे खांब, जे काही गोल लागेल ते लेथवर कातून देतात. त्यांच्याकडं मी शिकायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी बाभळीचा एक ठोकळा मशीनवर चढवला, बटण दाबलं आणि माझ्या हातात पटाशी दिली. हुकूम मिळाल्यासारखा मी धार सरळ फिरत्या लाकडात घातली. खाडकन आवाज झाला आणि ठोकळा सुटून पत्र्यावर आदळला.

"आवं मेजर," ते शांतपणे म्हणाले, "आधी पाठ टेकू द्या." मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडं सैन्यातून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

"मी दमलेलो न्हाई," मी म्हटलं.

"दमल्यात असं कोण म्हणतंय? पाठ टेकवायची, मग हळू पुढचं काम."

"तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान हाय मी. पाठ टेकवायची तर तुमी जावा की आत."

पाठ टेकणं म्हणजे आडवं होणं. आमच्या घरात तरी दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नाही. मी पिशवी उचलली आणि तडक एसटी स्टँड गाठलं. मेढ्याची गाडी लागली नव्हती, म्हणून बाकावर चडफडत बसलो. अर्ध्या तासानं बघतो तर म्हातारा पटाशी हातात घेऊन समोर उभा. आजूबाजूची माणसं लगेच दोन हात लांब सरकली. धारेच्या मागं जो उतरता, घासलेला भाग असतो, त्याच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही पाठ. हिची. तुमची न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक झाली असं म्हणायची मला सवय नव्हती, म्हणून "चहा घेणार का" असं विचारलं. त्यांनी घेतला.

गोष्ट साधी होती. पटाशीची पाठ आधी फिरत्या लाकडावर टेकवायची. ती नुसती घासते, कापत नाही. मग मूठ हळूच उचलायची, की धार आपोआप लाकडाला भिडते आणि सालपटं निघू लागतात. धार आधी गेली तर लाकूड ती ओढून घेतं. समजायला एक कप चहा पुरला, हाताला वळण लागायला सहा महिने गेले. माझं पहिलं लाटणं बघून बायको म्हणाली, "ह्यानं पोळी लाटायची का ढेकळं फोडायची?"

मग फणसाचं लाकूड साताऱ्याला नेलं. पाळण्याच्या पट्ट्या रंधून झाल्या, आता चार कातीव पाय तेवढे करायचे होते. तीन झाले, एकसारखे. चौथा मशीनवर फिरत असताना जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, पंधरा दिवस आधीच, दोघी सुखरूप होत्या. म्हणजे बारशाला बाराच दिवस राहिले आणि पाळणा अजून सुट्या तुकड्यांत. मी फोन खिशात टाकला आणि घाईघाईनं पटाशी धरली. पाठ टेकवायची राहिली. व्हायचं तेच झालं, पायाच्या गळ्याशी करंगळी बसेल एवढा टवका उडाला.

मी मशीन बंद केलं आणि पटाशी भुशात फेकली. "घाला चुलीत चारी. मी इकतचा नेतो." दुसरं लाकूड नव्हतं, दुसरा फणसही नव्हता. पुन्हा एकदा मी लेकीला फसवणार होतो, या वेळी तर रजेचं निमित्तही नव्हतं.

कातारींनी पटाशी उचलली, आधी धार तपासली, मग माझ्याकडं पाहिलं. "टवका उडालाय तितं गोल खाच पाडा. पायाच्या सगळ्या अंगानं. मग तसलीच बाकीच्या तिघांना."

"चांगल्या पायांना?"

"व्हय. एकावरच दिसली तर लोक इचारतील, काय झालं. चारीवर दिसली तर इचारतील, कुणी केलं."

"मग तुमीच पाडून द्या."

"माझ्या हाताची निराळी दिसंल. ज्या हातानं पैली पडली, त्याच हातानं पडू द्या."

आधी टवक्याच्या जागी गोल खाच पाडली. मग तीन निर्दोष पायांवर मी पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि एकेक मशीनवर चढवला. बर्फातल्या चौकीवर एवढी भीती वाटली नव्हती. पाठ टेकवली. थांबलो. मूठ उचलली. पहिली जमली, दुसरी जमली. शेवटचीही पुरी झाली. चारी पाय शेजारी शेजारी उभे केले, तर कुठला चुकलेला ते मलाच ओळखेना. छातीवरचं ओझं असं उतरलं की मला हसूच यायला लागलं.

"आता टेकवा तुमची पाठ," म्हातारा म्हणाला. मी भुशात बसलो आणि खरंच भिंतीला पाठ टेकवली.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी, जोडलेला पाळणा घेऊन, आमचा टेम्पो तासगावात लेकीच्या दारात थांबला. ती पोरीला घेऊन सोप्यात आली. पाळण्याभोवती फिरली, पायांवरनं हात फिरवला, बोट खाचेत अडकलं तिथं थांबली.

"ह्या खाचा लय झ्याक दिसत्यात. कुणी केल्या?"

"मीच. एक चुकून पडली. माझीच चूक. मग बाकीच्या पाडल्या."

तिच्या उभ्या जन्मात तिनं माझ्या तोंडून हे ऐकलं नव्हतं, आणि खाचेबद्दलच बोलतोय असं तिलाही वाटलं नसावं.

"आप्पा, बारसं उद्या हाय," ती म्हणाली. "आजच आलात." आणि डोळे पुसायला हात मोकळा करायचा म्हणून तिनं पोरगी माझ्याकडं दिली.

एवढासा जीव. मी वाकून तिला पाळण्यात ठेवू लागलो, नेहमीच्या घाईनं.

"हळू," लेक म्हणाली. "आधी पाठ टेकू द्या तिची. मग हात काढा."

"ठावं हाय मला," मी म्हटलं, आणि पाठ नीट टेकेपर्यंत थांबलो.