‘छान’ म्हणायला बंदी असलेली खोली

बाई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या खुर्चीत एक एस.टी. कंडक्टर आ वासून बसले होते. दाढेत अर्धं सिमेंट भरून झालं होतं. फोन बाईंच्या पुतण्याचा, शिवानंदचा होता. तो एवढंच म्हणाला, “डॉक्टर, काकी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.” दाढ पुरी करणं भाग होतं, ती केली. हात आपोआप चालत होते... कंडक्टरांनी चूळ भरून विचारलं, “जवळचं कोण हुतं काय?” मी हो म्हणालो. नातं सांगायला गेलो आणि अडलो. त्या माझ्या शिक्षिका नव्हत्या, नात्यातल्या नव्हत्या, वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. आम्ही दहा-बारा वर्षं एकमेकांच्या गाण्यांमधल्या चुका काढत आलो होतो, एवढंच आमचं नातं.

महादेवी बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. सासरचा गुळाचा व्यापार, शाहूपुरीत पेढी आणि पेढीच्या वर घर. माझी त्यांची ओळख झाली ती नव्वदीच्या दशकाच्या शेवटी, माझ्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात. मला तेव्हा घरी गाणी करायचा नाद लागला होता. चार आवाज वेगवेगळे भरून मग एकत्र करता येतील असं एक कॅसेट यंत्र मी मुंबईहून जुनं घेतलं होतं. पेटी मी वाजवायचो, तबला एक मित्र. केलेली गाणी दवाखान्यात हळू आवाजात लावून ठेवायचो आणि कुणीतरी ‘हे कुणाचं हो?’ असं विचारील म्हणून वाट बघायचो. कुणी विचारत नव्हतं. दात दुखत असलेल्या माणसाला कुठलं आलंय गाणं! बाई मात्र तोंडात कापूस असताना मध्येच हात वर करून भिंतीकडे बोट दाखवायला लागल्या. मला वाटलं, दुखतंय. कापूस काढल्या काढल्या त्यांनी विचारलं, “डॉक्टर, हा तबलेवाला शेजारच्या घरात बसून वाजवतोय काय?”

मी म्हणालो, “गाणं मीच केलंय.”

“मग त्याला तेवढं आत बोलवा की! बिचारा दारात उभा राहिलाय.” आणि स्वतःच्याच विनोदावर सुजलेला गाल धरून त्या अशा हसल्या की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. घरी येऊन मी गाणं पुन्हा ऐकलं. तबला खरोखरच दारात उभा होता. इतके महिने मला तो ऐकू आला नव्हता, कारण माझं सगळं लक्ष माझ्या पेटीवर होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. माडीवरच्या एका खोलीत त्यांनीही तसलंच यंत्र मांडलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनातली गाणी भरता भरता त्यांना हा छंद लागला होता. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गुळाच्या पेढीतलं बारदान टांगलेलं. खोलीला गुळाचा वास, आणि उन्हाळ्यात यंत्राच्या बटणांवरून मुंगळ्यांची रांग. एकदा माझ्या गाण्यात कुठून तरी खरखर आली. यंत्र उघडलं तर आत मुंगळ्यांनी संसार मांडलेला. “वाद्यवृंद वाढलाय तुमचा,” बाई म्हणाल्या.

हळूहळू आम्ही तिघं झालो. तिसरा सदाशिव, मुरगूडचा. लग्नाला मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा आणि फावल्या वेळात ढोलकीचे तुकडे जुळवून गाणी करायचा. खोलीचे नियम बाईंचे. ज्याचं गाणं त्यानं वाजत असताना तोंड उघडायचं नाही. ‘इथं जरा माइक हलला होता’ वगैरे खुलासे बंद. ऐकणाऱ्यानं आधी काय ऐकू आलं ते सांगायचं, आवडलं की नाही ते मागाहून. आणि ‘छान’ म्हणायला सक्त मनाई. सदाशिव पहिल्याच दिवशी सवयीनं म्हणाला, “छान झालंय की बाई!” बाईंनी त्याच्याकडे भूगोलाच्या तासाला बघतात तसं बघितलं. “छान पोहेसुद्धा असतात, सदाशिव. गाण्याचं सांगा.”

त्यांचं सांगणं लागायचं, पण त्यात विष नसायचं. त्या कधी ‘चुकलंय’ म्हणत नसत. ‘इथं मला तुमचा कंटाळा ऐकू येतो’ म्हणायच्या, आणि ते खरंच असायचं. मी तेवढा तुकडा जेवायला उशीर होतोय म्हणून उरकलेला असायचा. खोलीत पास झालेलं गाणं पेढीच्या टेम्पोत लावून बघायचं, हाही त्यांचाच हट्ट. एकदा आम्ही तिघं, टेम्पोवाला बाबू आणि मागं गुळाच्या ढेपा असे कळंब्यापर्यंत गेलो. माझं गाणं लावलं, तर इंजिनाच्या आवाजात व्हायोलिन पार बुडून गेलेलं, नुसती ढोलकी. बाबूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “डाक्टर, ढोलकीचं गाणं झ्याक हाय. गाणारं कवा सुरू व्हणार?” बाई परतीच्या वाटेवर हसत राहिल्या. व्हायोलिनच्या जागी मी पुढं सनई घातली, आणि बाबूनं ती कॅसेट परत दिली नाही.

स्वतःचं ऐकून घ्यायची वेळ आली की बाईही माणूसच होत्या. त्यांच्या एका गाण्यावर मी म्हणालो होतो की सगळे आवाज एका रांगेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे वाटतात. बाई उठून खाली गेल्या. मी आणि सदाशिव एकमेकांची तोंडं बघत बसलो... बऱ्याच वेळानं चहा घेऊन वर आल्या, कप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “शाळेतनं निवृत्त झाले तरी शाळा जाईना बघा अंगातनं. कुणाला रांगेतनं हलवू, सांगा आता.”

पण त्यांची खरी परीक्षा झाली ती भजनी मंडळाच्या कॅसेटच्या वेळी. गल्लीतल्या महादेवाच्या देवळात बायकांचं मंडळ होतं, आणि त्याच्या पुढारी होत्या अक्का, म्हणजे बाईंच्या थोरल्या जाऊबाई. निपाणीकडचं माहेर, बोलण्यात निम्मं कानडी, आणि आवाज असा की देवळात लागला की पेढीवर हिशेब चुकावा. एका स्वयंपाकघरात दोघी जावा जन्मभर नांदल्या होत्या, आणि भांडण म्हणून काय ते भाकरीच्या जाडीवरून. मंडळानं श्रावणासाठी कॅसेट करायचं ठरवलं. अक्का पुढं म्हणणाऱ्या, म्हणून त्यांना वेगळा माइक दिला. रविवारी बाईंनी पहिली जुळणी आम्हाला ऐकवली. सदाशिवनं माझ्याकडे बघितलं. शेवटी मी म्हणालो, “बाई, एक आवाज बाकीच्यांच्या डोक्यावर बसलाय. आणि वरच्या सुरांत तो... तिथं पोचत नाही.”

“ते मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय,” बाई म्हणाल्या. “दुसरं कुणी म्हणतंय का, ते बघायचं होतं.”

त्यांनी अक्कांचा आवाज बारीक करून मागं सारला. ऐकायला सगळं गोड झालं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी देवळाच्या कर्ण्यावर ती कॅसेट लागली. अक्का नवं लुगडं नेसून, चार बायकांना घेऊन ऐकायला गेल्या. अर्धं भजन झालं आणि त्या उठल्या. घरी येऊन बाईंना एवढंच म्हणाल्या, “माझा आवाज कुणी खाल्ला गं?” आणि बोलणं बंद. मंडळात जाणंही बंद. चुलीपाशी दोन बायका आणि मध्ये नुसता भांड्यांचा आवाज. बाई दवाखान्यात येऊन माझ्या खुर्चीत बसल्या, दात दुखत नसताना. मी म्हणालो, “सांगितलं मी होतं. माझं नाव सांगा त्यांना.” बाई म्हणाल्या, “सांगितलं तुम्ही, पण बटणावर बोट माझं होतं. आणि आधी त्यांना ऐकवायचं, ते मी गल्लीला ऐकवलं. माझं चुकलं ते तिथं.”

त्या रविवारी आम्ही वर बसलो असताना जिन्यात पावलं वाजली. अक्का दारात. या खोलीत त्या कधीच आल्या नव्हत्या. बाईंकडे न बघता मला म्हणाल्या, “डाक्टर, मला माझं ऐकायचं हाय. एकटीचं.”

बाई उठल्या, बाकीचे तिन्ही आवाज बंद केले आणि टेप सुरू केला. अक्का गालाला हात लावून ऐकत होत्या. वरचा सूर आला... अक्कांचा आवाज त्याच्याखाली दोन पायऱ्यांवर थांबून नुसताच ओरडला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. सदाशिवनं मान खाली घातली. बाई पुढं झाल्या, “अक्का, अहो...” तेवढ्यात पदराआडून आवाज आला, “अय्यो शिवा! ही कुणाची म्हैस गं महादेवी?” अक्का हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत हसत होत्या. मग बाईंना हसू फुटलं, मग आम्हाला. खालून शिवानंद पळत वर आला, काय झालं म्हणून.

डोळे पुसून अक्का म्हणाल्या, “परत लाव.” पुन्हा ऐकलं, या वेळी न हसता. “खालच्या सुरात बरी हाय की मी.” खरंच होतं ते. खालच्या सुरांत तो आवाज ताज्या गुळासारखा दाट होता. अक्कांनी विचार केला आणि म्हणाल्या, “मग समद्यास्नीच खाली आणा की. वर जायाचा कुणाचा नवस हाय?” मंडळानं पेटीवर दोन सूर खालून सगळी भजनं पुन्हा म्हटली, आणि बाईंनी अक्कांचा आवाज असा समोर आणून ठेवला की कर्ण्यावर लागल्यावर बायका आपला आवाज शोधायचं विसरून त्यांचाच ऐकत बसल्या. त्या दिवसापासून अक्का रविवारी खोलीत यायला लागल्या. बारदानाची घडी करून त्यावर बसायच्या आणि आमची गाणी सोलून काढायच्या.

पुढं कॉम्प्युटर आला, कॅसेटी गेल्या, मुंगळ्यांचा संसार उठला. बाईंनी साठीला टेकल्यावर तेही शिकून घेतलं. शेवटचे भेटलो तेव्हा सदाशिवच्या नव्या गाण्यावरून त्यांचं त्याच्याशी कडाक्याचं वाजलं होतं आणि जाताना त्यानंच पाया पडून घेतलं होतं.

बाई गेल्यावर काही रविवार मी तिकडं फिरकलो नाही. मग अक्कांचा फोन. “डाक्टर, खोली झाडून ठिवलीया. येणार न्हाय काय?” मी बाईंच्या आठवणीत एक तुकडा केला होता. संथ बासरी, मागं भरपूर घुमारा. सदाशिवही आला. अक्का आता सत्तरीच्या पुढं. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. सदाशिवनं नाक पुसलं. मला वाटलं, लागलंय.

अक्का म्हणाल्या, “हे महादेवीचं हाय व्हय?”

“हो, अक्का.”

“मग ह्यात ती कुठं हाय? नुसता तूच रडतोयस.” माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “ती हसायची रं. गल्ली गोळा व्हायची. ते घाल की ह्यात.”

घरी आल्यावर मी बासरी काढून टाकली. घुमारा काढला. सदाशिवकडून ढोलकी मागवली आहे. येत्या रविवारी पुन्हा ऐकवायचं आहे, आणि आ वासून खुर्चीत बसायची पाळी आता माझी आहे.