कार्डावरचा भूकंप

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लातूरच्या एका परमिट रूमच्या गल्ल्यावर माझी उमर गेली म्हटलं की लोक माझ्या तोंडाचा वास घ्यायला जवळ सरकतात. मी राघवेंद्र. माझं काम पैसे मोजायचं आणि भांडणं सोडवायचं. ग्लासांचं काम शिवशंकरचं, आणि सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

शिवशंकर मूळचा देवणीचा. पोटासाठी सिकंदराबादच्या एका क्लबात ग्लास विसळायला गेला आणि तिथल्या म्हाताऱ्या बटलरच्या हाताखाली तयार होऊन आला. त्या म्हाताऱ्याने त्याला एक खोड लावली होती: कोणतंही पेय बनवलं की ग्लास पुढे ठेवताना त्याची गोष्ट सांगायची. ते कुठे जन्मलं, कुणी बनवलं, नाव कसं पडलं. "गोष्ट नसंल तर ते नुसतं रंगीत पाणी हाय, अण्णा," तो मला म्हणायचा.

आता आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक कसलं! क्वार्टर, सोडा आणि शेंगदाणे, संपला विषय. पण हा त्यांनाही सोडायचा नाही. कुणी रममध्ये लिंबू पिळायला सांगितलं की झालं सुरू. "साब, क्यूबा नावाचा मुलुख हाय. तिथं लोखंडाच्या खाणीवर एक अमेरिकन इंजिनेर होता. घरी पाहुणे आले अन् जिनच संपली. मग त्यानं गावची रम घेतली, लिंबू, साखर, बर्फ. त्या खाणीजवळच्या गावाचं नाव डायकिरी, तेच त्या ग्लासाला पडलं." जिनमध्ये कडू टॉनिक ओतताना हिवतापाची गोष्ट असायची, गोऱ्या फौजेला त्यावरचं कडू औषध, कोयनेल, गिळवेना म्हणून त्यात जिन कशी आली त्याची. 'पंच' नावाच्या पेयाची गोष्ट तर तो छाती फुगवून सांगायचा. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, असे पाच जिन्नस. ते इथून जहाजावर चढले आणि विलायतेत जाऊन साहेब झाले. लोक हसायचे, पण ऐकायचे. एक मास्तर तर केवळ गोष्टीसाठी दुसरा पेग मागवायचे, निदान बायकोला ते तसंच सांगायचे.

मग त्र्याण्णवचा भूकंप आला.

शिवशंकरच्या बायकोचं, शरणम्माचं, माहेर किल्लारीच्या बाजूला एका खेड्यात. त्यांची थोरली मुलगी गणपतीसाठी आजीकडे गेली होती. अनंत चतुर्दशीला दारूबंदी असते, परमिट रूमला टाळं. म्हणून शिवशंकर मोकळा होता आणि तिला आणायला गेला. पोर म्हणाली, मला विसर्जन बघायचंय, उद्या न्या. त्यानेही फार ताणलं नाही. शेवटच्या एसटीने तो एकटाच परत आला. पहाटे लातूर हललं, माणसं रस्त्यावर आली, आणि उजाडल्यावर कळलं की तिकडे गावंच्या गावं राहिली नाहीत.

त्याने तिला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं. याच्यापुढचं मला माहीत नाही, कारण त्याने कधी सांगितलं नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही. घरात तिचा विषय बंद झाला. धाकटी पुनम तेव्हा मांडीवरची होती. ती मोठी झाली तरी तिला एवढंच ठाऊक, की आपल्याला एक 'मोठी' होती.

त्याच हिवाळ्यात परमिट रूमला लागून असलेल्या आमच्या लॉजवर परदेशी बातमीदार उतरत. त्यातल्या एकाने गमतीने की काय, शिवशंकरकडे 'अर्थक्वेक' मागितलं. खरंच अशा नावाचं एक जुनं पेय आहे, हे मला तेव्हा कळलं. शिवशंकरचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. "सामान नहीं साब," एवढंच म्हणाला आणि फडकं घेऊन कोरडेच ग्लास पुसत बसला.

पंधरा वर्षं गेली. लातूर बदललं. भूकंपाचं लातूर मागे पडलं आणि मेरिटचं लातूर पुढे आलं. जिथे तिथे क्लासेस, होस्टेलं, मेस, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो. जूनमध्ये पोरांना सोडायला साऱ्या मुलखातून आईबाप यायचे, आणि पोराला होस्टेलात टाकून जड झालेले बाप आमचा जिना चढायचे. पुनमही त्या साली बारावीला होती. डॉक्टर व्हायचं म्हणत होती, दोन क्लास लावले होते. शिवशंकरचा पगार महिना संपायच्या आत क्लासवाल्यांच्या घरी पोचायचा.

अशात मालक वसंतराव अंथरुणाला खिळले आणि त्यांचा मुलगा सर्वेश पुण्याहून आला. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, पोरगा वाईट नाही, पण उत्साह ऊतू चाललेला. त्याने खुर्च्या बदलल्या, शेंगदाणे बशीऐवजी लाकडी वाटीत आणले, आणि गुळगुळीत कार्ड छापून घेतलं: 'शिवशंकरकाकांच्या गोष्टींसह क्लासिक कॉकटेल्स.' कार्डावर सगळ्यात वर होतं 'भूकंप'. खाली दारावर फ्लेक्स लावला, त्यावर हातभर अक्षरात: 'फक्त आमच्याकडे! भूकंप! प्या आणि हला!'

मी फ्लेक्स वाचला आणि माझं डोकं फिरलं. तसाच वर जायला निघालो, तर शिवशंकरने जिन्यातच माझा दंड धरला.

"अण्णा, काही बोलायचं न्हाई."

"अरे, त्याला काय माहीत? तेव्हा चड्डीत होता तो, पुण्यात शाळेला. सांगितलं तर आत्ता काढेल."

"काढंल. अन् मग रोज माझ्याकडं बघून तोंड पाडंल. घरी यिऊन शरणम्मासमोर माफी मागंल. मला न्हाई चालायचं. तुमाला माझी आण हाय."

असल्या मुक्या माणसांचा मला मनापासून राग येतो. स्वतः जळतात आणि आपल्याला पाण्याची बादली घेऊन नुसतं उभं करतात. पण आण घातली होती. मी गल्ल्यावर जाऊन बसलो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. कुणी कार्ड उघडलं की माझ्या हातातल्या नोटा हातातच राहायच्या. बोट वरच्या ओळीवर गेलं की मी मुद्दाम खोकायचो, किंमत बघून बोट खाली सरकलं की परत मोजायला लागायचो. सर्वेश वैतागला होता. "काका, तुम्ही सुचवत का नाही? तो आपला खास आयटम आहे." शिवशंकर म्हणायचा, "मागितलं की दिईन." कारण न सांगता नाही म्हटलं तर नोकरी जाणार, पुनमचं वर्ष बुडणार. हो म्हटलं तर त्या नावाचा ग्लास स्वतःच्या हाताने भरून, हसतमुखाने त्याची गंमत सांगायची. दोन्हीकडून मरण त्याचंच.

आणि एका दुपारी तो माणूस आला.

पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात कुठल्याशा क्लासची पिशवी. कार्ड न उघडताच त्याने टेबलावर हात आपटला. "खाली लिवलंय ते आना. भूकंप. एक."

सर्वेश गल्ल्यामागे माझ्याजवळच उभा होता, त्याचा चेहरा उजळला. "काका, पहिली ऑर्डर! गोष्टीसकट हं!"

मी शिवशंकरकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ब्रँडी मोजली. त्यात ॲब्सिंथ नावाची परदेशी दारू पडायला हवी, ती लातुरात कुठली! सर्वेशने तिच्याऐवजी बडीशेपेच्या वासाची एक दारू आणून ठेवली होती, ती ओतली. मोजून बर्फ टाकला. ग्लास घेऊन तो टेबलाशी गेला आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसा बोलू लागला.

"साब, पॅरिसला एक चित्रकार होता. पोकळ काठीत दारू भरून फिरायचा म्हणतात. त्यानं हे काढलं. पिल्यावर पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटती, म्हणून याला भूकंप म्हणतात."

"झाली गोष्ट?"

"झाली."

तो माणूस उठला आणि त्याने शिवशंकरची कॉलर धरली. खुर्ची मागे पडली. "जमीन हलल्यासारखी वाटती? तू व्हतास का तिथं? माझी माय, बायको, दोन लेकरं गेली एका रात्रीत. अन् तुमी बर्फ टाकून इकून राहिलात ते? प्या अन् हला?"

सर्वेश पांढराफटक पडला. शिवशंकर मात्र हात खाली सोडून उभा होता. सुटायची धडपड नाही. त्या माणसाने दुसरा हात उगारला तरी शिवशंकरने मान वळवली नाही. जणू या माराची तो वाटच बघत होता. तेवढं मात्र माझ्याच्याने बघवलं नाही.

"सोडा त्याला!" मी ओरडलो. "त्याची लेक गेलीय तिथे!"

कॉलरवरची मूठ हळूहळू सुटली.

"कोन्या गावाला?" त्या माणसाने विचारलं.

शिवशंकरने सासरवाडीचं नाव सांगितलं. त्या माणसाचं गाव तिथून ओढा ओलांडला की पलीकडचंच. त्याचं नाव श्रीमंत. भूकंपानंतर शेत पाठीमागे टाकून नांदेडला गेला, रेल्वेच्या कचेरीत शिपाई म्हणून लागला, दुसरं लग्न केलं. त्या दुसऱ्या संसारातल्या आठवीतल्या मुलाला क्लासला सोडून तो स्टँडकडे निघाला होता, वाटेत फ्लेक्स दिसला.

"मंग तू का देऊन राहिलास हे?" तो म्हणाला. आवाजात आता राग नव्हता, नुसतं न कळणं होतं.

"तुमी मागितलं."

"म्या तर भांडायला मागितलं."

दोघं समोरासमोर बसले. मधे तो ग्लास, कुणी हात लावेना. सर्वेश केव्हा खाली गेला कळलं नाही. थोड्या वेळाने दारावर काहीतरी टराटरा फाटल्याचा आवाज आला. मग श्रीमंतने अगदी सहज, कुठल्याही घरी विचारतात तसं विचारलं, "नाव काय व्हतं लेकराचं?"

शिवशंकरने तोंड उघडलं, पण आवाज येईना. दुनियेतल्या साऱ्या ग्लासांची नावं सांगणारा माणूस ओठ हलवत बसला होता. माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मलाही ते नाव माहीत नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"गौरम्मा," शेवटी तो म्हणाला. आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. श्रीमंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला, आणि आपल्या दोघा लेकरांची नावं एकेक करून त्याला सांगू लागला.

मी शिवशंकरला घरी जायला सांगितलं. फाटका फ्लेक्स टाकून वर आलेला सर्वेश जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेला.

पुढचं मला पुनमने सांगितलं. बाबा भर दुपारी घरी आले, चपलाही काढल्या नाहीत. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्यासमोर ते खाली बसले आणि एकच शब्द बोलले, "गौरम्मा." आईचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी ती उठली नाही. पुनमला वाटलं, आता आई ओरडेल, नाहीतर उठून आत जाईल.

शरणम्मा म्हणाली, "अजून एकदा म्हना."