मोडेमला कान लावणारे साळवेकाका

दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपला साळवेकाका आधी कान लावायचे. चष्मा कपाळावर ढकलायचा, टेबलावर ओणवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि मोडेमचा आवाज शेवटपर्यंत ऐकायचा. गिऱ्हाइकाला गंमत वाटायची. काका हसायचे नाहीत. ते फौजेत सिग्नलमध्ये होते. उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून वायरलेस सेटसमोर गेलेलं. निवृत्त होऊन भिंगारला परतले आणि सावेडीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला मॅडमच म्हणायचे. मी नको म्हटलं, तेव्हा म्हणाले, "दुकान तुमचं हाय. सवय मोडली की शिस्त मोडती."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेम नंबर फिरवायचा, पलीकडचा मोडेम उंच, बारीक शिट्टी देऊन उत्तर द्यायचा, मग दोघांची खरखर चालायची आणि जमलं तर जोडणी व्हायची. कॉम्प्युटरवर कोणी नवी सिस्टीम चढवली, की हे सगळं हमखास बंद पडायचं. आज अपडेटनंतर वायफाय गायब झाला म्हणून लोक लॅपटॉप घेऊन येतात, तसेच तेव्हाही यायचे, आणि तितकेच चिडलेले असायचे. काकांचा त्यांना पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "शेवटचं बोलनं कदी झालं? आन् त्याच्यानंतर काय बदाललं?" मग माझ्याकडे वळून: "मॅडम, आदी ठरवा. समोरचा बोलत न्हाई, का आपल्याला ऐकू येत न्हाई. दोन्हीचा इलाज येगळा हाय."

मी हे वाक्य त्यांच्याकडून घेतलं. अजून वापरते.

काकांची बायको मार्था अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताशी एक स्टीलचं फुलपात्र आणि चमचा ठेवलेला असे. काही लागलं की ती चमच्याने फुलपात्र वाजवायची. दिवसा शेजारीण बसायची, संध्याकाळपासून सकाळपर्यंत काका. मुलगी श्रीरामपूरला दिलेली, तिचा तिकडे संसार. मी एकदा घरी गेले होते. खोली स्वच्छ, भिंतीवर क्रूस, पलंगाच्या पायाला ओला टॉवेल वाळत घातलेला. मार्थाबाईंनी माझ्यासाठी फुलपात्र वाजवलं, तशी शेजारीण चहा ठेवायला उठली. मार्थाबाई हसल्या. एका बाजूने.

दुकानात विषय निघाला की काका सांगायचे, "शेजारीन म्हनती, दिवसभर टणटण चालू असती. पर मी घरी असलो की तिला काई लागत न्हाई. शांत असती." हे ते अभिमानाने सांगायचे. तिच्या पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या, त्याचं त्यांना कोडं पडलं होतं. कूस बदलून हवी असेल तर वाजवील ना, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते बरोबर वाटलं होतं.

मग वकिलांचा लॅपटॉप आला. त्यांच्या भावाने परदेशातून आणलेला, त्यावर कोणीतरी नवी सिस्टीम चढवलेली आणि इंटरनेट बंद. काका सकाळपासून त्याला भिडले होते. मोडेमचा जुना ड्रायव्हर टाकून झाला, नवा टाकून झाला, कार्ड काढून पुसून परत बसवून झालं. मी बँकेतून परतले तेव्हा वकील समोर बसलेले आणि काका त्यांना सांगत होते की नव्या सिस्टीमला हे कार्ड चालत नाही, दुसरं घ्यावं लागेल. नंबर फिरतो, पण पलीकडून उत्तरच येत नाही.

"ऐका तुमीच," म्हणून त्यांनी परत नंबर लावला आणि कान लावला.

नंबर फिरला. लगेच पलीकडची शिट्टी आली. इतकी उंच, की रस्त्यावरच्या पानवाल्याने वळून बघितलं. मग खरखर. मग तुटलं.

"बघा," काका म्हणाले. "गप."

वकील माझ्याकडे बघायला लागले. माणूस सज्जन होता, हळूच म्हणाला, "अहो काका, वाजलं की."

"ते वाजनं न्हवं," काका म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मी वकिलांना समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं. बिघाड साधा होता. नव्या सिस्टीमने जोडणीच्या जुन्या खुणा, म्हणजे सेटिंग्ज, पुसून आपल्या भरल्या होत्या, त्यामुळे पलीकडचा मोडेम उत्तर द्यायचा, नाव-पासवर्ड विचारायचा आणि चुकीचं मिळालं की फोन ठेवून द्यायचा. मी त्या खुणा पहिल्यासारख्या केल्या. जोडणी झाली. काका बाजूला उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, आणि विचारलं, "आता वाजला?"

"वाजला. मघाशीही वाजला होता."

ते स्टुलावर बसले. मला तेव्हा बऱ्याच गोष्टी एकदम आठवल्या. फोन आला की "मॅडम, तुमी बोला" म्हणून माझ्या हातात रिसीव्हर देणं, मी बोलताना ओठांकडे बघणं. माणसांचं बोलणं त्यांना कळायचं, ट्रकचा हॉर्न कळायचा. फक्त वरचे, बारीक आवाज गेले होते. आणि फुलपात्रावर चमचा वाजतो तो आवाज बारीकच असतो.

असं बोलणं लांबवण्यात अर्थ नसतो. मी समोर उभी राहिले, त्यांना ओठ दिसतील अशी, आणि विचारलं, "काका, घरी मावशींचं फुलपात्र शेवटचं कधी ऐकलं?"

ते स्टुलावरून उठले. सायकल काढली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी उशिरा आले. माझ्या टेबलासमोर उभे राहून, रिपोर्ट द्यावा तसं, त्यांनी सांगितलं, "तिच्याम्होरं बसलो. म्हनलं, वाजव. ती वाजवायलाच तयार न्हवती. लई म्हनलं तवा चमचा उचालला. चमचा हालताना दिसत हुता, मॅडम. फुलपात्राच्या काठाला सगळे पोचे हायत." मग म्हणाले, "माझ्याम्होरं वाजवायचं तिनं कवाच सोडलं हुतं."

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. गेलेले आवाज मशीन लावून परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी दुकानातून वायर घेतली, भंगारातून स्कूटरच्या हॉर्नचं बटण आणलं, ते मार्थाबाईंच्या डाव्या तळहाताखाली बसवलं आणि आपल्या खाटेसमोर लाल बल्ब लावला. झोपेतही उजेड डोळ्यावर पडेल असा. "लाइन टाकली," एवढंच दुकानात सांगितलं. पाठीच्या जखमा सुकायला लागल्या. मार्थाबाईंना बटणाची चटकही लागली. काका तक्रार करायचे, "काई लागत न्हाई, नुस्तं दाबती. मी उठून गेलो की हासती." असली तक्रार ते खुशीत करायचे. लॅपटॉपला कान लावणं मात्र त्यांनी कायमचं बंद केलं. मोडेम लावताना मला हाक मारायचे आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचे.

थंडीत मार्थाबाई गेल्या.

दफन झाल्यावर मी घरी गेले. मुलगी आलेल्या लोकांना चहा देत होती. काका रिकाम्या पलंगावर बसून स्क्रू ड्रायव्हरने ते बटण सोडवत होते. मला बघून सरकले. मी शेजारी न बसता समोर खुर्ची ओढून घेतली.

"सकाळी जाग आली तर उजाडलं हुतं," ते म्हणाले. "रातभर बल्ब लागला न्हवता. असं व्हत न्हाई. म्हनून आदी बल्ब काढून बघितला. चांगला. मग बॅटरी बघितली. मग बटनापासनं वायर धरून बघत आलो. लाइन चांगली हुती, मॅडम. कुटंच तुटली न्हवती." त्यांनी वायरचं वेटोळं करून मांडीवर ठेवलं. "मग तिच्याकडं बघितलं."

बाहेर कोणीतरी कपबशा गोळा करत होतं.

"आदी तिच्याकडं बघायला पायजे हुतं, व्हय ना?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलून त्यांचं काही भलं होणार नव्हतं.

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं, मान हलवली आणि दुसरा स्क्रू काढायला घेतला.